हाडांचे पेव आणि गावचा डॉक्टर

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तोंड लहान, पोट मोठे, जमिनीत खोल गेलेले कोठार. हळद आली की आत भरायची, तोंड लिंपून टाकायचे आणि बाजारात भाव आला की काढायची. २००५ सालच्या महापुरात त्यातली बरीच पेवे पाण्याखाली जाऊन निकामी झाली. पण पेव म्हणजे काय, हे सातारा-सांगलीकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून आज आपल्या शरीरातल्या एका पेवाविषयी बोलावयाचे आहे. ते पेव म्हणजे आपली हाडे.

हाड म्हटले की आपल्याला वाटते, लाकडाच्या वाशासारखी निर्जीव वस्तू. एकदा उभी केली की झाले. वस्तुस्थिती तशी नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम, म्हणजे आपण ज्याला चुन्याचा अंश म्हणतो तो, असतो आणि त्यातला शंभरात नव्व्याण्णव भाग हाडांत आणि दातांत साठवलेला असतो. रक्तात फिरणारे कॅल्शियम अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. पण या एवढ्याशा कॅल्शियमवर हृदयाचा ठोका, स्नायूंचे आकुंचन आणि रक्त गोठण्याची क्रिया अवलंबून असते. ते कमी पडून चालत नाही. कमी पडू लागले की गळ्यातल्या चार चिमुकल्या ग्रंथी, मसुरीच्या दाण्याएवढ्या, लगेच सावध होतात. त्यांना परावटु ग्रंथी म्हणतात. त्या या पेवाच्या मुनीम समजा. जेवणातून माल आला नाही तर त्या पेव उघडतात आणि हाडातले कॅल्शियम काढून रक्ताला पुरवतात. रक्ताचा हिशेब चोख राहतो. पेव मात्र रिते होत जाते, आणि बाहेरून काही कळत नाही!

रक्तातले कॅल्शियम तपासले आणि ते बरोबर निघाले, म्हणजे हाडे ठीक आहेत असे म्हणता येत नाही ते यामुळेच. मुनिमाने गिऱ्हाईक सांभाळले, एवढाच त्याचा अर्थ.

आता हाडे दोन तऱ्हांनी बिघडतात, आणि या दोहोंची गल्लत पुष्कळ होते. भिंतीचे उदाहरण घ्या. एका भिंतीत विटाच कमी झाल्या, मधे पोकळ्या पडल्या, तर ती ठिसूळ होते. म्हातारपणी, विशेषतः बाईची मासिक पाळी थांबल्यानंतर, हाडांचे असे होते. आजी अंगणात नुसती घसरते आणि खुब्याचे हाड मोडते, ते यामुळे. दुसऱ्या भिंतीत विटा आहेत, पण दर्ज्यात चुनाच भरलेला नाही. ती भिंत मोडत नाही, वाकते. मुलांमध्ये हे झाले की त्याला मुडदूस म्हणतात. (आपल्याकडे सुकून गेलेल्या कोणत्याही पोराला मुडदूस झाला म्हणतात. इथे तो अर्थ नव्हे.) मनगटे जाड होतात, बरगड्यांवर गाठींची माळ उठते, पोर चालू लागले की पायांची कमान होते. मोठ्या माणसात हाच विकार झाला की त्याला अस्थिमृदुता, म्हणजे हाडे मऊ पडणे, असे नाव आहे.

आणि ही अस्थिमृदुता ओळखू येत नाही, हेच आजच्या बोलण्याचे खरे कारण आहे. खेड्यातल्या दवाखान्यात तिशी-पस्तिशीची बाई येते. म्हणते, "डाक्टर, उकिडवं बसलं की उठाय येत न्हाई. मांड्या ठणकत्यात, कंबर ठणकतीय. पायरी चढायची म्हटलं तर भिंत धरावी लागतीया." सांध्यांना सूज नसते, ताप नसतो. डॉक्टरपुढे चाळीस रोगी बसलेले असतात. 'वात आहे' म्हणून वेदनाशामक गोळी दिली जाते, कधी एखादे इंजेक्शनही टोचले जाते. त्यात स्टेरॉइड असले तर दोन दिवस बाईला फार बरे वाटते. पुन्हा दुखू लागते, पुन्हा इंजेक्शन. आता गंमत अशी, गंमत कसली, दुर्दैव असे, की वारंवार घेतलेले स्टेरॉइड हाडांचे कॅल्शियम आणखी कमी करते. घरचे म्हणतात, "हिला काम नको, म्हणून निमित्त काढते." ती बाई निमित्त काढत नाही. तिच्या मांड्यांचे स्नायू दुबळे झालेले असतात आणि हाडांत बारीक बारीक चिरा पडलेल्या असतात. ओळखले तर महिन्या-दोन महिन्यांत फरक पडू लागतो. न ओळखले तर तिची चाल बदकासारखी डुलती होते आणि एक दिवस मांडीचे हाड मोडते.

या विकाराचा शोध कसा लागला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. कारण ती मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत सुरू झाली नाही. ती एका आडगावच्या डॉक्टरापासून सुरू होते.

थिओबाल्ड पाम नावाचे एक मिशनरी डॉक्टर होते. जपानमधल्या निईगाता या भागात त्यांनी दहा वर्षे दवाखाना चालवला. नंतर ते इंग्लंडला परत आले आणि उत्तरेकडच्या कंबरलंड परगण्यात व्यवसाय करू लागले. तिथे त्यांना वाकड्या पायांची मुले दिसली, आणि एक दोन नव्हे, पुष्कळ. पाम यांना प्रश्न पडला, की दहा वर्षे जपानात असताना हा रोग आपल्याला कसा दिसला नाही? तिथली माणसे काही इंग्रजांपेक्षा श्रीमंत नव्हती, दूध-लोणी खाणारी नव्हती. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. जपान, चीन, हिंदुस्थान अशा निरनिराळ्या देशांत काम करणाऱ्या ओळखीच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रे लिहिली: तुमच्याकडे मुडदूस आहे का? उत्तरे आली. त्यांनी ती मांडली, हवामानाशी ताडून पाहिली, आणि १८९० साली आपला निष्कर्ष छापला. जिथे ऊन कमी, धुके आणि धूर जास्त, तिथे मुडदूस. जिथे ऊन भरपूर, तिथे अन्न बेताचे असले तरी मुडदूस नाही. उपाय म्हणून त्यांनी मुलांना पद्धतशीर उन्हात बसवा असे सांगितले. इतकेच नव्हे, तर गावोगाव उन्हाची मोजदाद ठेवा अशीही सूचना केली.

कोणी ऐकले नाही. तीस वर्षे हा लेख तसाच पडून राहिला. ऊन हे औषध कसे असेल, असे मोठमोठ्या डॉक्टरांना वाटले असावे. ऊन फुकट मिळते ना!

हे लिहून चारच वर्षे झाली असतील, तेव्हा १८९४ साली आपल्या मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय उभे राहिले आणि पुढे दूरदूरचे रोगी मिरजेची वाट धरू लागले. अस्थिशल्यशास्त्रातही मिरजेचे नाव पुढे देशभर झाले. मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी संपादित केलेला या शास्त्राचा जाडजूड ग्रंथ भारतातले विद्यार्थी अभ्यासतात. पण मोडलेले हाड सांधणे हा एक भाग झाला. ते मऊ का पडले हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुटत नाही. त्यासाठी रोग्याच्या घरी, अंगणात, चुलीपाशी जावे लागते.

तसे जाणारे डॉक्टर आपल्याच मुलखात भेटले. नाशिक शहरात हचिसन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी पटेल आणि शहा या आपल्या सहकाऱ्यांबरोबर नाशकातल्या घरांची पाहणी केली, आणि १९२१-२२ च्या सुमारास त्याची हकीकत विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. त्यांना जे दिसले ते सगळ्यांच्या अटकळीच्या उलट होते. बेताचे, बरेचदा अर्धपोटी खाणाऱ्या गोरगरिबांची उघडीवाघडी पोरे दिवसभर उन्हात हुंदडत होती, त्यांची हाडे सरळ. आणि खातीपिती, सुखवस्तू घरे, मुसलमानांची तशीच वरच्या जातींच्या हिंदूंचीही, जिथे बायका पडद्यात आणि लहान मुले आईपाशी आतल्या खोलीत असत, तिथे मुडदूस आणि अस्थिमृदुता. दूध होते, तूप होते. ऊन तेवढे नव्हते. अशा घरातल्या मुलीची कमरेची हाडे मऊ पडून आत दबली, की पुढे बाळंतपणात मूल अडे. त्या काळी अडलेली बाई म्हणजे काय, हे जुन्या पिढीतल्या माणसांना सांगावयास नको.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडून पाहिले आणि हाडे भरून येतात हे १९१९ साली क्ष-किरणांच्या चित्रांनी सिद्ध केले. त्यातली एक गोष्ट शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी. प्रकाश एकाच हातावर पाडला तरी दोन्ही हातांची हाडे सुधारली. याचा अर्थ असा, की उजेड हाडापर्यंत पोचत नव्हता. कातडीत काहीतरी तयार होत होते आणि ते रक्तातून सर्व अंगभर जात होते. ते 'काहीतरी' म्हणजेच पुढे ज्याला 'ड' जीवनसत्त्व हे नाव मिळाले ते.

हे जीवनसत्त्व काम कसे करते? कातडीतल्या एका स्निग्ध पदार्थावर उन्हातले अतिनील किरण पडले की ते बनते. मग यकृतात त्यावर एक संस्कार होतो, मूत्रपिंडात दुसरा. या दोन संस्कारांनंतर ते कामाला लागते. त्याचे मुख्य काम आतड्यात. तुम्ही खाल्लेल्या अन्नात शंभर भाग कॅल्शियम असले, तर 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावी त्यातले दहा-पंधराच भाग अंगी लागतात. ते पुरेसे असले तर तीस-चाळीस लागतात. म्हणजे तेच दूध, तीच भाकरी, पण मिळकत दुप्पट-तिप्पट. चयापचय, म्हणजे खाल्लेल्याचे अंगात होणारे रूपांतर, हा शब्द जड वाटतो खरा. पण त्याचा अर्थ इतकाच, की ताटात काय आले यावर सगळे ठरत नाही, पेवात काय पडले हे पाहावे लागते.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, माण-खटावला, आटपाडी-जतला ऊन कमी आहे का? आम्हाला पाऊस द्या, ऊन घेऊन जा!" प्रश्न रास्त आहे. भारतासारख्या उन्हाच्या देशात 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते, हे गेल्या काही दशकांतल्या रक्ततपासण्यांनी दाखवून दिले आहे, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते खोटेच वाटते. पण थोडा विचार करा. हे किरण सकाळी-संध्याकाळी तिरप्या उन्हात फार थोडे असतात. साधारण दहा-अकरापासून दोन-तीनपर्यंत, जेव्हा आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हाच ते पुरेसे मिळतात. आणि नेमक्या त्याच वेळी आपण सावली शोधतो, उन्हाळ्यात ते योग्यही आहे. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतातच. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. शेतात राबणारा, हातपाय उघडे असणारा माणूस यात बहुधा मागे पडत नाही. पण पहाटे स्वयंपाक, मग गोठा, डोक्यावरून घट्ट पदर, दुपारी घरातले दळणकांडण असे जिचे दिवस जातात ती सून? विट्याच्या मागावर रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार? दिवसभर शिवणयंत्रावर बसणारी मुलगी? सकाळी सातला शिकवणीला आणि संध्याकाळी सहाला परत येणारा विद्यार्थी? ऊन गावात आहे, त्यांच्या अंगावर नाही.

बाळंतिणीच्या खोलीविषयी इथे बोललेच पाहिजे. आपली जुनी पद्धत अशी: अंधारी खोली, दाराला पडदा, शेकशेगडी, बाळबाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही. त्याच खोलीत आळिवाचा लाडू येतो, खारीक-खोबरे येते, तीळ, खसखस, बाळंतशोपा येतात. यातला खाण्याचा भाग मोठा शहाणपणाचा आहे. आळीव, तीळ, खसखस यांत कॅल्शियम उत्तम असते. अंधाराचा भाग मात्र सोडून द्यावा. आईच्या दुधात 'ड' जीवनसत्त्व फारच थोडे असते, म्हणून तान्ह्या बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० एकक थेंबाने द्यावे असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ज्या आजीबाई बाळाला तेल लावून अंगणात कोवळ्या उन्हात पायांवर घेतात, त्यांची पद्धत प्रेमाची आहे, चालू ठेवावी. पण कोवळ्या उन्हात हे किरण कमी, म्हणून थेंबही द्यावेत.

ही आई-बाळाची गोष्ट पुण्याजवळच्या सहा खेड्यांत फार बारकाईने अभ्यासली गेली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हे काम सुरू केले. गावात घरोघरी जाऊन, कोणाला दिवस राहणार याची वाट पाहत, सुमारे आठशे गर्भवतींच्या खाण्याची, कष्टांची, रक्ताची नोंद त्यांनी ठेवली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधकही त्यांच्याबरोबर होते. या खेड्यांतल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. पुढे ही मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या हाडांची घनता यंत्राने मोजली. ज्या आयांनी गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या, फळे, मांस-मासे असे कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळा खाल्ले होते, त्यांच्या मुलांच्या हाडांत खनिज अधिक निघाले. ज्यांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट चांगले होते, त्यांच्याही मुलांची हाडे भरदार. हा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला.

शास्त्राच्या दृष्टीने इथे एक सावधगिरी पाळावी लागते. संबंध दिसला म्हणजे कारण ठरले, असे नव्हे. दूध पिणाऱ्या आईच्या घरी इतरही चार गोष्टी बऱ्या असू शकतात. तरीही सहा वर्षांपूर्वीचा आईच्या ताटातला घास मुलाच्या मणक्यात मोजता येतो, ही कल्पना मला तरी थक्क करते. गर्भाच्या अंगात नऊ महिन्यांत मिळून सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम जाते, त्यातले बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. अंगावर पाजताना रोज साधारण दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम दुधावाटे जाते. आईचे हाड तेवढे झिजते, आणि मूल अंगावरचे सुटले की पुन्हा भरून येते. निसर्गाने सोय चांगली केली आहे. पण भरून यायला वेळ आणि खाणे, दोन्ही लागते. लागोपाठ बाळंतपणे झाली आणि सर्वांच्या मागून उरलेले जेवण पानात पडले, तर पेव भरणार कधी?

खाण्याचा हिशेब शिक्षकांनी मुलांकडून फळ्यावर करून घेण्यासारखा आहे. मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरवले. त्याआधी ६०० पुरे समजत. आता मांडा. ज्वारीच्या भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ धरले तर तिच्यात कॅल्शियम सुमारे १४ मिलिग्रॅम. तीन भाकऱ्यांचे झाले बेचाळीस. भात म्हणजे त्याहूनही कमी. आमटी, वांग्याची भाजी धरून दिवसाची बेरीज दीड-दोनशेच्या पुढे सरकत नाही. तीच भाकरी नाचणीची केली तर एका भाकरीत १७० ते १८० मिलिग्रॅम. एक पेला दूध म्हणजे सुमारे २४०. शेवग्याच्या पाल्याची भाजी भरपूर. तिळाची चटणी चमचाभर घेतली तरी बेरजेत चांगली भर पडते, तिळातले सगळे अंगी लागत नसले तरी. पाटण-जावळीच्या डोंगरात नाचणी हे कालपरवापर्यंत रोजचे अन्न होते. आता तिथेही रेशनचा तांदूळ-गहू आला आणि नाचणी 'गरिबाची' म्हणून मागे सरली. शहरात तीच नाचणी बिस्किटांच्या खोक्यात घालून महाग विकतात, तो भाग निराळा! नाचणी भिजवून, मोड आणून तिचे सत्त्व काढले किंवा आंबील आंबवून केली, तर कॅल्शियमला अडवून धरणारा तिच्यातला पदार्थ कमी होतो. आपल्या बायकांना हे कोणी रसायनशास्त्र शिकवून सांगितलेले नव्हते.

एक नावडती गोष्टही सांगतो. तंबाखू आणि मिश्री हाडांनाही वाईट. इकडच्या बायकांत मिश्रीची सवय किती खोल आहे हे तुम्ही जाणता. दात राहतात म्हणून लावतात, पण तंबाखू दातही घालवतो आणि हाडही.

आता कोणी म्हणेल, इतके सगळे कळले आहे तर सर्वांना 'ड'च्या गोळ्या वाटून टाका. तसा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. २५,८७१ प्रौढ माणसे त्यात होती. निम्म्यांना रोज २००० एकक 'ड', निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी, अशी सुमारे पाच वर्षे दिली. २०२२ साली निकाल आला: हाडे मोडण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच. या लोकांना घेताना कोणाला कमतरता आहे असे निवडून घेतलेले नव्हते. पोट भरलेल्याला जेवण वाढून काय होणार? पाण्याने भरलेल्या विहिरीत घागर ओतल्यासारखेच ते. उलट आपल्या त्या बाईला, जिला उकिडवे बसून उठता येत नाही, हेच औषध योग्य मात्रेत दिले तर ती चालू लागते. म्हणून ते सरसकट नको आणि चिठ्ठीशिवाय तर नकोच नको. ६०,००० एककांची पुडी आठवड्याला एक, ठरावीक आठवडे, अशी डॉक्टर देतात. ती कोणी रोजच घेत राहिले तर रक्तात कॅल्शियम फाजील वाढते, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते.

तर प्रश्न येऊन थांबतो तो इथे, की कमतरता कोणाला आहे हे ओळखणार कोण? ते काम गावच्या डॉक्टराचे, आणि ते करण्याची त्याच्याइतकी सोय कोणालाच नाही. त्याला रोगी ठाऊक असतो, रोग्याची सासूही ठाऊक असते. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या एका दरीत विल्यम पिकल्स नावाचे डॉक्टर खेडोपाडी फिरून रोगी पाहत. कोणाला कावीळ झाली, कोणत्या दिवशी, तो आधी कोणाला भेटला होता, हे ते रोज टिपून ठेवत. त्या टिपणांवरून रोग अंगात किती दिवस दबा धरून राहतो हे त्यांनी काढले आणि १९३९ साली त्यावर पुस्तक लिहिले. इकडे सह्याद्री उतरून महाबळेश्वराच्या पलीकडे गेले की महाड लागते. तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचवाच्या रोग्याजवळ रात्र-रात्र बसले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी सुटला, फुप्फुसात पाणी कधी भरले, हे लिहीत गेले. विंचवाच्या विषाने हृदयावर काय होते ते त्यांनी दाखवले, प्राझोसिन या गोळीचा उपाय रूढ केला, आणि त्यांचे लेख १९८२ पासून लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. साधन काय होते? रक्तदाबाचे यंत्र, घड्याळ आणि वही.

हाडांसाठीही वहीच लागते. कंबर-मांड्यांच्या दुखण्याची बाई आली, की तिला एकदा जमिनीवर उकिडवे बसवून हात न टेकता उठायला सांगावे. उठता आले नाही तर वहीत लिहावे: वय, बाळंतपणे किती आणि किती अंतराने, भाकरी कशाची, दूध-ताक मिळते का, दुपारचे ऊन अंगावर किती वेळ, मिश्री आहे का, आधी कोणती इंजेक्शने घेतली. मग रक्तातले अल्कलाइन फॉस्फटेज तपासावे. ही तपासणी स्वस्त आहे आणि अस्थिमृदुतेत ती बहुधा वाढलेली असते. शंका राहिली तर क्ष-किरण चित्रासाठी कराड-मिरजेला धाडावे. एक इशारा मात्र विसरू नये. दुखणे मणक्यात एकाच जागी असेल, रात्री झोपमोड करत असेल, सोबत ताप आणि वजनात घट असेल, तर ते क्षयाचे किंवा त्याहून वाईटही असू शकते. तिथे 'ड'ची पुडी देऊन वेळ घालवू नये.

शिक्षक बंधुभगिनींना दोन कामे सोपी आहेत. शाळेच्या भिंतीवर उंचीची पट्टी रंगवून जूनमध्ये आणि जानेवारीत मुलांची उंची लिहून ठेवावी, आणि ज्याचे गुडघे आत किंवा बाहेर वळू लागले आहेत त्याचे नाव डॉक्टरकडे द्यावे. आणि सकाळची कवायत हिवाळ्यात तरी उशिरा, अकराच्या सुमारास, पटांगणावर घेता येते का ते मुख्याध्यापकांना विचारावे. सातच्या कवायतीने शिस्त लागते, थंडीही वाजते, पण हाडाच्या हिशेबात त्यातले फारसे काही जमा होत नाही.